हसुरामची न धुतलेली पिकअप

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकली आणि गाडी सुखरूप घरी पोहोचली, ही कथा पनवेल परिसरात मला अनेक रूपांत, म्हणजे पाठांत, सापडली. तळोज्याच्या ट्रकचालकांच्या पाठात हळद ढाब्यावरून येते; उरणच्या पाठात कोळणीच्या मसाल्याच्या डब्यातून; बेलपाड्याच्या पाठात रुसलेली सासू ती देते. दोन घटक कायम: हळद दुसऱ्याची असते आणि गळती थांबते. असे किस्से साठतच जातात, कारण प्रत्येक गळकी गाडी नवा पाठ जन्माला घालते. माझ्याजवळचा पाठ शेवटी जरा वेगळा पडतो. त्याची खात्री मी देऊ शकते, कारण त्या गाडीत मी बसले होते!

*

गाडी हसुरामची, जुनी पिकअप. आगरी लग्नांत गाऊन विधी पार पाडणाऱ्या धवलारीण हिराबायना तो गावोगाव नेतो. त्यांची गाणी, म्हणजे धवले, टिपून घ्यायला मीही येऊ का, असे मी संकोचत विचारले.

"बसा मॅडम, जागा मोप हाय!"

जागा मोप नव्हती. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागायचा. पण माझ्या संग्रहातले बहुतेक धवले त्या दांड्याशेजारी बसूनच मिळाले, हे ऋण नोंदवलेच पाहिजे.

*

पुढे इंजिन थंड ठेवणारे कूलंट रोज कमी होऊ लागले आणि जमिनीवर मात्र एक थेंब दिसेना. शेजाऱ्यांचे निदान दृष्ट लागल्याचे. हसुराम म्हणे, "तिला तहान जास्त लागते."

हिराबाय म्हणाल्या, "तुझ्यासारखीच हाय रे ती. पिते, पन कबूल नाय करत!"

*

गॅरेज सलीमभाईंचे. तिथे नेण्यापूर्वी हसुराम पिकअप इंजिनासकट चकचकीत धुवायचा. "मळकी गाडी न्यायची? लाज हाय का नाय आमाला?"

गळतीचा माग त्या धुण्यातच वाहून जाई. सलीमभाईंनी एकदा कपाळाला हात लावला. "हसुरामशेठ, मैंने मरीज बुलाया था, आप दुल्हन ले आये!"

*

मग हसुरामच्या भाचीची हळद आली, उरणकडच्या गावात. मामाच्या घरी दळलेल्या हळदीचे पातेले हिराबायच्या मांडीवर. धवलारीण पोहोचल्याशिवाय नवरीला हळद लागणार नव्हती. पनवेल सोडले न सोडले तोच तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. इंजिन निवेपर्यंत आम्ही झाडाखाली बसलो. बहिणीचा फोन आला, "दादा, पावनं जमलं! धवलारीण कुठं हाय?"

हसुरामचा चेहरा उतरला. हिराबायनी पातेल्यात हात घातला. "घे मूठभर. नवरीला उरंल."

पाण्यासोबत हळद आत गेली. थोडे अंतर कापले आणि काटा पुन्हा वर! इतर सर्व पाठांपासून आमचा पाठ इथे फुटतो.

*

गाडी निववत, पाणी घालत मागे गॅरेजकडे वळलो. धुवायला वेळच नव्हता. सलीमभाई जेवायला बसत होते. डबा झाकून उठले. बॉनेट उघडताच ते हसू लागले. "या अल्लाह, आज बिना मुँह धोए आई है!"

इंजिनामागे पिवळाजर्द ओघळ होता. गाडीतल्या ज्या हीटरची पनवेलात कुणाला कधी गरज पडत नाही, त्याच्याकडे जाणारी रबरी नळी टोकाशी चिरली होती. पाणी खालच्या धुराच्या तापलेल्या पाइपवर पडून तिथेच उडून जाई. जमिनीवर थेंब दिसणार कुठून? हळदीने गळती थांबवली नाही, तिची जागा दाखवली.

सलीमभाईंनी नळीचे चिरलेले टोक कापले, नवी क्लिप आवळली, आतली हळद धुऊन काढली, कूलंट भरले आणि पंपाने दाब देऊन पाहिले. तोवर हिराबाय टायरवर बसून गळा मोकळा करत होत्या. निघताना सलीमभाई डबा घेऊन मागे चढले.

"तुमी कुठं?" हसुरामने विचारले.

"रस्ते में फिर तप गई तो? चलो, मामा!"

*

काटा मधोमध राहिला. मांडवात नवरी पाटावर वाट पाहत होती. हिराबाय उतरल्या, पातेल्यात बोटे बुडवली, आणि पहिली हळद पिकअपच्या बॉनेटला लावली; दुसरी सलीमभाईंच्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांना. मग नवरीपुढे बसून त्यांनी धवला सुरू केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसुरामने गाडी धुतली. बॉनेट तेवढे सोडून.