उजव्या खिशातले चिंचोके

आदरणीय तिरोडकरसरांची आणि माझी ओळख अंधेरीच्या एका वाचनालयातल्या सूचनाफलकाने करून दिली. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलेली एक चिठ्ठी टाचलेली होती : 'समुद्रावरील डॉल्फिन, देवमासे व पक्षी यांच्या पाहणीसाठी स्वयंसेवक हवेत. पहाटे उठता यावे, पोहता यावे व गप्प बसता यावे.' मी तेव्हा विक्रोळीच्या एका कारखान्यात नकाशे काढत असे. तीन अटींपैकी मला फक्त पोहता येत होते, आणि तसे मी सरांना सांगून टाकले. ते महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत; मला वाटले, आता दार दाखवतील. सर म्हणाले, "बुडणार नाही ना? मग झालं. उठवायला गजर आहे आणि गप्प बसवायला हिराजीमामा आहेत."

हिराजीमामा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले तांडेल. होडी त्यांची आणि होडीवरचा हुकूमही त्यांचाच. रविवारी मासेमारीला निघताना ते सरांना आणि आमच्यापैकी एकाला बरोबर नेत. त्यांची अट एकच होती, पण ती अशी की सगळी पाहणीच बारगळायची. दर्यावर कुणी काही मोजायचे नाही. जाळ्यातले मासे नाहीत की आकाशातले पक्षी नाहीत. "मोजला का आटला," ते म्हणाले, "माझे होरीवर मोजाचा नाय, मास्तर."

आता पाहणी म्हणजे मोजणीच की! आमच्यातले एक पदवीधर गृहस्थ मामांना शास्त्र समजावून सांगायला पुढे सरसावले. सरांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढले. "अहो, ज्यांच्या पानावर जेवायला बसायचं, त्यांनाच स्वयंपाक शिकवू नये," असे ते हळूच म्हणाले.

पुढच्या रविवारी सर खिसाभर चिंचोके घेऊन आले. एक डॉल्फिन दिसला की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा. कुरव आणि सुरय या पक्ष्यांसाठी सदऱ्याच्या खिशात तुरीचे दाणे. तोंडाने आकडा काढायचा नाही, मनातसुद्धा नाही. किनाऱ्याला पाय लागल्यावर डावा खिसा वाळूवर रिकामा करायचा आणि मग काय ते मोजायचे. सरांनी ही युक्ती चोरून वापरली नाही. आधी मामांना सांगितली. मामांनी बराच वेळ विचार केला. "खिशात काय करता ते मी बघाचा नाय," म्हणाले, आणि होडी ढकलली.

सरांच्या वहीत देवमाशाचा एक रकाना होता. दोन हंगाम त्यात दर रविवारी 'नाही' असेच लिहिले गेले. मी एकदा म्हटले, "सर, दिसतच नाही तर लिहायचं कशाला?" त्यावर सर म्हणाले, "आपण बघत होतो, हे तरी कळेल ना कुणाला."

आता माझे पाप सांगतो. एका रविवारी घरातले कच्चे चिंचोके संपले होते, म्हणून आईने भाजलेले दिले. त्या दिवशी समुद्र ताटासारखा सपाट होता. ऊन वर आले आणि डॉल्फिनांचा मोठा थोरला कळप होडीच्या दोन्ही अंगांनी चालू लागला. उजवी बाजू सरांकडे, डावी माझ्याकडे. मी भराभर चिंचोके टाकत होतो. हंगामातला तो सगळ्यात मोठा दिवस. परतीच्या वाटेवर भूक लागली, म्हणून मी खिशात हात घालून एकेक चिंचोका चघळू लागलो. किनाऱ्यावर उतरून बघतो, तर उजव्या खिशात उरलेले तसेच आणि डाव्यात फक्त तीन चिंचोके. मी मोजणी खाल्ली होती.

"किती?" सरांनी विचारले. वही उघडी होती आणि चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. मी म्हणालो, "एकवीस." सरांनी एकवीस लिहिले.

त्या नोंदींवरून सर एका निसर्ग अभ्यासमंडळाच्या नियतकालिकासाठी लेख लिहीत होते. आमच्या किनाऱ्यावर कुणी इतक्या चिकाटीने केलेले ते पहिलेच काम, असे आम्ही मानत होतो. लेखाचा सगळा डोलारा आता माझ्या थापेवर उभा राहणार! चार दिवस मला अन्न गोड लागले नाही. गुरुवारी कारखान्यातून सुटलो तो थेट सरांच्या घरी गेलो आणि उंबऱ्यातूनच म्हणालो, "सर, मी वाट लावली. एकवीस खोटे आहेत. खरे मी खाल्ले."

सरांनी विचारले, "मीठ होतं का?" आणि ते इतके हसले की वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. हसणे ओसरल्यावर सरांनी वही काढली, एकवीस खोडले आणि लिहिले : 'डावी बाजू : मोजणी निरीक्षकाने खाल्ली.' अंदाजे आकडा घालू या, असे मंडळाच्या संपादकांनी सुचवले. सरांनी ऐकले नाही. सर्वांत मोठा दिवस अर्धाच छापला गेला. त्याबद्दल सरांनी मला आजवर कधी बोल लावलेला नाही, आणि म्हणूनच ते मला अजून लागते.

रविवारी मी वर्सोव्याला जायला धजत नव्हतो. सर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या उजव्या खिशात स्वतःच्या हाताने चिंचोके ओतले. "कच्चे आहेत," म्हणाले, "दात सांभाळा." छापलेल्या लेखात त्यांनी निरीक्षक म्हणून हिराजीमामांचे नाव स्वतःच्या नावाशेजारी घातले होते. मामांच्या ओट्यावर बसून त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. मामांनी तो अंक देव्हाऱ्यात ठेवला; अजून तिथेच आहे.

परवा सरांच्या सत्काराच्या या सोहळ्याचे आमंत्रण द्यायला मी मामांकडे गेलो होतो. मास्तरांना साठ वर्षे झाली, म्हटल्यावर ते माझ्यावर उखडलेच. "साठ? मोजला कोनी? माझे मास्तरचा वय मोजाचा नाय!"

मामांचा हुकूम आम्हां सर्वांना मान्य आहे. म्हणून सर, सोहळ्याला येताना मी उजवा खिसा चिंचोक्यांनी गच्च भरून आणणार आहे. तुमच्या दर वाढदिवसाला त्यातला एक डाव्या खिशात जाईल. तुम्ही हिंडतेफिरते राहा, वही उघडी राहू दे, देवमाशाच्या रकान्यात एकदा तरी 'होय' पडू दे. खिसा रिता व्हायला पुष्कळ वर्षे लागतील. चिंचोके कच्चेच घेतले आहेत, सर. ही मोजणी मी खाणार नाही.