गौरीच्या नाकावरच्या खुणा

मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात एक धडा आहे. युरोपात मानवतावादी विचार कसा वाढला आणि त्याने चित्रं कशी बदलली, असा. परीक्षेच्या आठवड्यात कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये फेऱ्या मारत ती तो पाठ करत होती. दर फेरीला एकच वाक्य, "मॅन बिकेम द सेंटर." म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाली, "आई, इट्स जस्ट फोर मार्क्स."

मी चिडलेच. दिवसभर मी प्लँटच्या लॅबमध्ये तेलाचे नमुने तपासते, इतिहासाशी माझा संबंध नाही. पण हा धडा माझ्या घरचा आहे. माझे बाबा नाशिकला शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्याकडे कुठल्याशा कॅलेंडरातून कापलेली दोन चित्रं होती, दोन्ही आई आणि बाळाची. जुन्या चित्रातलं बाळ ताठ बसलेलं, चेहरा म्हाताऱ्या मुनिमासारखा. नंतरच्या चित्रात आईने बाळाच्या मानेखाली हात घातलेला. बाबा म्हणायचे, "या चित्रकाराने घरी मूल हातात घेतलंय. मधल्या काळात एवढंच झालं. देवाचं चित्र काढणारे लोक आपल्या माणसांकडे नीट बघायला लागले."

हे तत्त्वज्ञान आमच्या घरात दरवर्षी गौरींपर्यंत येऊन अडायचं. आमच्या गौरींचे मुखवटे शाडूचे, म्हणून सणाआधी बाबा त्यांचा उडालेला रंग नीट करायचे. आई समोर घेवडा निवडत बसायची. निवडणं हे निमित्त, खरं काम पहाऱ्याचं. बाबांना गौरीला खऱ्या बाईचा चेहरा द्यायची फार हौस होती. आई चष्मा नाकावर वर सरकवत म्हणायची, "तुमचे प्रयोग शाळेत करा. देवीला देवीसारखं राहू द्या." मग बाबा निमूटपणे तेच मोठे डोळे आणि तेच ओठ रंगवायचे.

आई माझ्याकडे कुवेतला कधीच आली नाही. एकदा व्हिजिट व्हिसाचे कागद जमवले तर नियम बदलले. नियम सैल झाले तेव्हा तिचे गुडघे तयार नव्हते. थंडी पडली की येते, असं ती दर फोनवर म्हणायची आणि दर फोनवर विचारायची, "तुझ्या खिडकीतून समुद्र दिसतो ना गं?" दिसतो, दोन बिल्डिंगांच्या मधून, साडीच्या काठाएवढा. आपल्याला पुरे, असं ती म्हणायची. एका थंडीत ती गेली. तो काठाएवढा समुद्र मला अजून नुसता बघवत नाही.

वर्षभर आमच्याकडे सण नव्हते. वर्ष सरल्यावर मी सुट्टीत घरी गेले, तेव्हा बाबांनी मुखवट्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला.

"बाबा, गौरी सुनेकडे जातात."

"मला तू एकच. सून कुठून आणू? आणि गौर माहेरपणाला येते ना? या वेळी लेकीकडे येईल. रंग ओला आहे, सणालाच उघड."

सणाच्या दिवशी संध्याकाळी मी इकडे कुवेतला डबा उघडला. ज्येष्ठा दरवर्षीसारखीच होती. कनिष्ठेचे डोळेही तेच, ओठही तेच. फक्त नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन फिकट, खोलगट खुणा होत्या. चष्मा उतरवल्यावर राहतात तशा. बाबांनी आईचं म्हणणं मोडलं नव्हतं आणि आईला आणलंही होतं. मी मुखवटा हातात घेऊन खाली फरशीवरच बसले आणि खूप रडले.

दुसऱ्या दिवशी पूजा. वरच्या मजल्यावरची मैत्रीण मदतीला आली. ती नांदेडची, इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. मी स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होते. बाहेर आले तर ती खुशीत म्हणाली, "ताई, धाकटीच्या नाकावरचा रंग उडाला होता की. मी फाउंडेशन लावून टाकलं. आता बघा, कळतंय का?"

कळत नव्हतं. कनिष्ठा तुळतुळीत दिसत होती, बाजारात दहा मिळतील तशी. "तुला कोणी सांगितलं होतं?" मी ओरडले. तिचा चेहरा पडला. मग मला नीट सांगावं लागलं, की तो उडालेला रंग नव्हता, ती माझी आई होती.

तिने खोबरेल तेल आणि कापूस मागितला. मुखवट्याची हनुवटी एका हाताने धरून, आजारी माणसाचं तोंड पुसावं तसं हळूहळू पुसू लागली. तेलाने खालचा रंगही निघाला तर काय, या धास्तीने मला तिकडे बघवेना. उजवीकडची खूण जशीच्या तशी परत आली. डावीकडची थोडी पुसट झाली, पण राहिली.

मुलगी कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. ती म्हणाली, "आजी दुपारी चष्मा काढून झोपायची ना, तेव्हा अशीच दिसायची."

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अक्षता वाहून गौरी जागच्या हलवल्या. ज्येष्ठेला साडीत गुंडाळून डब्यात ठेवलं. कनिष्ठेला ठेवायला हात पुढे होईना. इतक्या वर्षांनी आली आणि तीन दिवसांत परत, हे मला पटेना. शेवटी बाबांना फोन लावला.

"हलवल्या का गौरी?" त्यांनी विचारलं.

"हलवल्या. पण धाकटीला डब्यात नाही ठेवलं. तिचा व्हिसा वाढवलाय."

बाबा म्हणाले, "मग खिडकीत ठेव तिला. पण अगदी काचेजवळ ठेव, लांबचं दिसत नाही तिला. चष्मा इथे माझ्याजवळ राहिलाय."