माझ्या पडद्यावरचा विलायती बगीचा

मंडळी, आज सकाळी कामठीला, गेलेल्या मित्राच्या घरी सांत्वनाला जाऊन आलो.

सत्तरच्या सुमारास मी नागपुरातल्या फोटो स्टुडिओंचे मागचे पडदे रंगवायचो. शिकलो बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र बघून. कारंजं, संगमरवरी पायऱ्या, गुलाब, हंस. गोरा साहेब जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, पण बगीचा म्हटला की माझ्या हाताला साहेबाचाच सुचायचा.

आज हार घातलेल्या फोटोत तोच पडदा दिसला. माझा विणकर मित्र नि वहिनी, लग्नातले. त्याचा घरात एवढा एकच फोटो.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यायनं तुमाले बोधिवृक्ष काढून मागितला होता. आठवते का?"

आठवत होतं. घरच्यांनी छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, म्हणून त्याला मागे पिंपळ हवा होता. मी हसलो होतो, "बगीच्यात पिंपळ कोण लावते गा?"

"उद्या यायच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेले हाच ठेवाचा आहे. काचेवर काढून द्या आता," म्हणत वहिनींनी नातीची रंगपेटी पुढे केली.

ब्रश धरला, पण काचेवर रंग ओघळला नि पानाऐवजी हिरवा डाग पडला, तोही त्याच्या खांद्यावर. मी पुसायला गेलो, तर वहिनींनी हात धरला.

"राहू द्या. हिरवं त आहे."

तुमच्या घरच्या जुन्या फोटोत मागे कोणाचा बगीचा आहे, जरा बघा. आणि आपलं झाड कोणी मागितलं होतं का, तेही विचारा.