भिंतीला टेकायचं नाही

आमच्या तीन माणसांच्या कंपनीत सकाळची बैठक उभ्यानेच व्हायची. भिंतीला टेकायचं नाही, हा त्यातला पोटनियम. दोन्ही नियम माझेच.

पुण्यातली नोकरी सोडून मी जालन्याला परत आले तेव्हा सॉफ्टवेअर बनवायची एक सुटसुटीत पद्धत शिकून आले होते. जाडजूड आराखडे करत बसायचं नाही. कामाचे लहान तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठ्या भिंतीवर तीन रांगांत लावायच्या: करायचं, चालू, झालं. दर पंधरवड्याला जेवढं झालं तेवढं गिऱ्हाइकाला दाखवून टाकायचं. आणि रोज सकाळी दहा मिनिटं उभं राहून प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय. उभं अशासाठी, की बसलं की चहा येतो आणि चहा आला की गप्पांना ऊत येतो. मला त्याचा संताप. राग तसा माझ्या नाकावरच असतो.

एमआयडीसीतल्या एका बियाणे कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. कुठल्या लॉटचं बी किती उगवलं, कुठला लॉट पास, कुठला नापास, याची नोंद ठेवणारा प्रोग्राम. प्रोग्राम तपासायला एक मुलगी होती, आणि कोडिंगला मी आणि दादा. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, आष्टीजवळच्या एका खेड्यातले, आणि खरं सांगायचं तर कामात माझ्याहून उजवे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. उभ्या बैठकीचा नियम ऐकून दादा पहिल्या दिवशी हसले होते.

"ताई, आमच्या बापाची मीटिंग तर दिसभर उभ्यानंच चालती. पन ते काठीला टेकतेत."

"इथे काठी चालायची नाही," मी म्हणाले.

कामं मापायची रीत मात्र त्यांची. पुण्यात आम्ही कामाला आकडे द्यायचो. दादा म्हणाले, बियाण्याचं काम करून राह्यलो तर मापही बियाण्याचंच ठेवू. अर्ध्या दिवसाचं काम ज्वारी, दोन दिवसांचं हरभरा, आणि आठवडा खाणारं काम म्हणजे आंब्याची कोय. चिठ्ठीच्या कोपऱ्यात तसं लिहायचं. कारखान्यातल्या बायकासुद्धा आम्हाला विचारायला लागल्या, "आमची ज्वारी झाली का?"

मागच्या उन्हाळ्यात दादा बूट सोडून चपला घालून यायला लागले. मी चिडवलं, "काय दादा, गावचे पाटील झालात का?" ते हसले. मग बैठकीत ते हळूच भिंतीला पाठ लावू लागले. मी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दादा, टेकायचं नाही. तुम्ही टेकलात की उद्या ही पोरगी खुर्ची ओढेल." ते लगेच सरळ झाले. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं.

त्यांची शेवटची चिठ्ठी ज्वारीची होती: 'लॉट नापास झाला तर कारण लिहायला जागा ठेवणे.' अर्ध्या दिवसाचं काम, आणि चिठ्ठी सहा दिवस 'चालू'मध्ये. चिठ्ठी हलत नसेल तर त्या माणसाला काय झालंय ते बघा, असं ही पद्धतच सांगते. पुण्यात शिकलेलं मला तोंडपाठ होतं. मी काय केलं? घड्याळाकडे बघत विचारलं, "काय अडलंय?"

"न्हाई ताई, काही अडलं न्हाई. बराबर चालू हाय."

"मग झालं पाहिजे ना! ज्वारी आहे ती." आणि मी त्या मुलीकडे वळले. दहा मिनिटांत बैठक संपवल्याचा मला त्या दिवशीसुद्धा अभिमान वाटला. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्याच आठवड्यात ते गावी गेले आणि तिथूनच त्यांना संभाजीनगरला दवाखान्यात नेलं. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. पाय सुजून बुटात मावत नव्हते, म्हणून चपला. पेरणीआधी कारखान्याचं काम पुरं करायचं आणि मग उपचाराला लागायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मला हे सगळं ते वारल्यावर कळलं.

पंधरा दिवसांनी त्यांचे वडील सामान न्यायला आले. डबा, चष्म्याचं घर, खुर्चीवरची उशी. मी बसा म्हणाले तर बसले नाहीत. काठीला टेकून भिंतीवरच्या चिठ्ठ्या बघत राहिले. मुलाचं अक्षर त्यांनी ओळखलं.

"ह्या रांगेला काय म्हनतेत?"

"चालू," मी म्हणाले.

ते त्या चिठ्ठीजवळ सरकले. मग म्हणाले, "घरी आला की सांगायचा, आमच्या हापिसात रोज सकाळी एकमेकाला इचारतेत, काय अडलंय म्हून. मला लई बरं वाटायचं, माय. म्हनलं, शहरात पोराला कोनीतरी इचारनारं हाय."

माझ्याने वर बघवेना.

"मंग काय सांगायचा तो?"

"काही अडलं नाही म्हणायचे."

म्हाताऱ्याने मान हलवली. "आमालाबी तेच सांगायचा."

ते काठीला टेकून उभे होते आणि मी भिंतीला.