कार्ड चालत नाही

चष्मेवाल्याला बायकोचा फोन चोरून बघायची कधी गरजच पडली नाही. तिला परपुरुष जी पत्रं लिहायचा, ती अख्ख्या जगाला वाचायला खुली होती.

‘परपुरुष’ हा शब्द अर्थात चष्मेवाल्याचा. बायकोच्या लेखी तो नुसता पॅच पाठवणारा एक माणूस होता. ती कर्नलचं काम करायची. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला गाभा. पडदा, कळफलक, छपाईचं यंत्र अशा सगळ्यांना तोच कामाला लावतो. हा कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. देशोदेशीची माणसं त्यात दुरुस्त्या सुचवायची. ही ओळ काढा, तिथे ही घाला, असा दुरुस्तीचा तुकडा म्हणजे पॅच. तो सगळ्यांना दिसेल अशा, इंटरनेटवरच्या पत्रांच्या यादीवर पाठवायचा, जाणत्यांनी त्यातल्या चुका काढायच्या, मग पाठवणाऱ्याने सुधारून दुसरी आवृत्ती पाठवायची, मग तिसरी, आणि सगळ्यांचं समाधान होईपर्यंत हे चालूच. बायको त्या जाणत्यांपैकी होती. संगणकाला बाहेरची यंत्रं जोडायची जी जुनी कार्डं असतात, तो कोपरा तिच्याकडे होता.

ती घरी बसून काम करायची आणि घराखालीच चष्मेवाल्याचं दुकान होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. जिना उतरला की तो त्याच्या भिंगांत, जिना चढला की ती तिच्या ओळींत, असा दोघांचा सुखाचा कारभार होता. मग एका रिकाम्या दुपारी त्याला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्याने दुकानातल्या संगणकावर बायकोचं नाव घालून शोधलं. हजारो पत्रं निघाली, आणि त्यांतली चारपाचशे एकाच माणसाला होती.

त्या माणसाचा पॅच त्या वेळी सातव्या आवृत्तीवर पोचला होता, म्हणून चष्मेवाल्याने मनातल्या मनात त्याचं नाव सातआवृत्ते ठेवलं. सातआवृत्ते लिहायचा: तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, हे मला कधीच दिसलं नसतं. आणि बायको उलट लिहायची: छान जमलंय, फक्त इथे आधी मोजून घ्या आणि मग कुलूप लावा, घाई नाही, सवडीने पाठवा.

घाई नाही! चष्मेवाल्याने ती ओळ तीनदा वाचली. हीच बाई रोज सकाळी न्हाणीघराच्या दारावर थाप मारून विचारायची, आत झोपलास का म्हणून.

चष्मेवाल्याला कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन ओळींच्या मधलं, न लिहिलेलं, कुठल्याही नवऱ्याला कळतं तेवढं कळत होतं. तो रोज वाचू लागला. गिऱ्हाईक डोळ्यांना यंत्र लावून बसलेलं असायचं आणि ह्याचा एक डोळा यादीवर. सहाव्या आवृत्तीवर तिने चौतीस ओळी लिहिल्या होत्या, त्याने मोजल्या. त्याच आठवड्यात दुकानाला नवा रंग द्यावा असं त्याने तिच्यापुढे मांडलं होतं, आणि त्यावर ती म्हणाली होती, “बघ.” चौतीस ओळी एकीकडे आणि हे दोन अक्षरी उत्तर एकीकडे. त्याचा नुसता जळफळाट झाला. जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या कामात कोण कोण असतं? ती म्हणाली, असतात लोक.

अशात यादीच्या मुख्याचं पत्र आलं. सातआवृत्ते ज्या कार्डाचा कोड नव्याने लिहीत होता, ते कार्ड आता कुणी वापरतं असं दिसत नाही. खऱ्या कार्डावर कुणी चाचणी घेतली तर ठीक, नाहीतर महिनाअखेर त्या कार्डाचा सगळा कोड कर्नलमधून काढून टाकू. लगेच बायकोने जगाला साद घातली: चार जोडण्यांच्या या कार्डावर कुणाचं यंत्र चालत असेल, तर कृपा करून पुढे या. खाली कार्डाचा क्रमांक दिला होता.

तो क्रमांक चष्मेवाल्याला ओळखीचा वाटला. तो काउंटरमागे ओणवा झाला आणि संगणकाच्या पाठीवरची धूळ त्याने बोटाने पुसली. तोच क्रमांक. भिंग कापायचं त्याचं यंत्र गेली सहा वर्षं त्याच कार्डाला जोडलेलं होतं. हा संगणक बायकोनेच बसवून दिला होता. भिंगोबा असं त्याचं लाडकं नावसुद्धा तिनेच त्यात घातलं होतं. पण यंत्र पहिल्याच फटक्यात चालू झालं, त्यामुळे यंत्र विकणाऱ्याने मागे काय खुपसलंय ते बघायला ती वाकलीच नव्हती. नंतरही तिने कधी विचारलं नाही. आता साऱ्या जगाला विचारत होती, एक नवरा सोडून.

शहाण्या माणसाने तेव्हाच जिना चढून सांगितलं असतं. कोड गेला तर पुढेमागे आपलंच यंत्र मुकं होणार, हे चष्मेवाल्याला कळत होतं. पण मत्सराने माणूस डोळस असूनही आंधळा होतो, आणि हा तर डोळ्यांचाच धंदेवाला. त्याने एक खोटं नाव घेतलं आणि यादीवर लिहिलं: माझ्याकडे हे कार्ड आहे. नव्या पॅचनंतर कार्ड चालत नाही.

पॅच लावून बघायचे कष्टही त्याने घेतले नव्हते. आता सातआवृत्ते हात टेकेल आणि पत्रं थांबतील, एवढाच त्याचा हिशेब.

झालं भलतंच. पहिल्याच दिवशी त्या दोघांनी एकमेकांना अकरा पत्रं लिहिली. सातआवृत्ते स्वतःची चूक समजून चांगला चालता कोड उकलत बसला. आठवी आवृत्ती आली, नववी आली. रविवारी दोघांनी त्याच्या मोठ्या बहिणीकडे जायचं ठरलं होतं, तर बायको म्हणाली, तू एकटा जाऊन ये. ताटावर बसल्यावर तिचा चेहरा कधी नव्हे तो फुललेला होता.

“कुठेतरी बारीक गोची आहे,” ती म्हणाली. “आम्ही दोघं मिळून शोधतोय. सापडेल.”

आम्ही दोघं! नवऱ्याच्या समोर, नवऱ्याच्या ताटाशेजारी बसून. आणि हे सगळं आपणच ओढवून घेतलंय, हे तर कुणापाशी बोलायचीही सोय नव्हती. आठ दिवस असेच गेले. तिचे डोळे लाल दिसू लागले. तिचा चष्मा त्यानेच बनवलेला होता. ती कपाळ आवळून बघतेय म्हणजे नंबर वाढलाय, हे त्याला जिन्यातूनच कळायचं. तेवढ्यापुरतं त्याला वाईट वाटायचं, आणि मग दुपारी नवं पत्र दिसलं की तो पुन्हा ओळी मोजायला बसायचा.

महिना संपायला तीन दिवस उरले. सातआवृत्तेने खोट्या नावाच्या परीक्षकाला फार अदबीने विनंती केली: तुमची मदत मोलाची आहे, संगणक सुरू होतानाची नोंद पाठवाल का? संगणक जागा होताना आपल्या पोटात काय काय सापडलं ते स्वतःच लिहून ठेवतो, ती ही नोंद. ती कशी काढायची तेही त्याने पायरीपायरीने लिहिलं होतं. मोलाची हा शब्द चष्मेवाल्याला, छे छे म्हणता म्हणता, आवडला. त्याने सांगितल्याप्रमाणे नोंद काढली आणि न वाचता पाठवून दिली.

अर्धा तास यादीवर सामसूम होती. मग खोट्या नावाच्या पेटीत एकच पत्र पडलं. यादी त्यातून वगळलेली होती. पत्र बायकोचं होतं, आणि फक्त त्याला होतं.

“नोंदीतल्या प्रत्येक ओळीच्या आधी भिंगोबा लिहिलंय. ते नाव मी ठेवलं होतं. तू पॅच लावलाच नाहीस, तेही दिसतंय. एका भल्या माणसाची आठ दिवसांची मेहनत तू मातीत घातलीस. ते यादीवर, स्वतःच्या खऱ्या नावाने, तुलाच सांगावं लागेल. तुझ्या दुकानात काय जोडलंय ते मी सहा वर्षांत वाकून बघितलं नाही. ही चूक माझी. ती दुरुस्त करायला मी खाली येतेय.”

जिन्यात चपला वाजल्या. चष्मेवाला उभा राहिला, मग बसला, मग उगाच एक फ्रेम पुसू लागला. ती आली आणि काउंटरमागे जाऊन गुडघ्यांवर बसली. बराच वेळ बघत राहिली.

“यंत्र चालू कर,” ती म्हणाली.

तिने स्वतः पॅच लावला, सातवी आवृत्ती, खोटी तक्रार येण्याआधीची. भिंगोबा पुन्हा सुरू झाला. चष्मेवाल्याने एक भिंग यंत्रात धरलं आणि यंत्राने ते व्यवस्थित गोल कापून दिलं.

“का केलंस?” तिने विचारलं.

“त्याला तू चौतीस ओळी लिहिल्यास,” तो म्हणाला. “मला म्हणालीस, बघ.”

तिने यादी त्याच्यापुढे उघडली. त्याने तिच्यादेखत यादीवर लिहिलं: मी खोटं सांगितलं होतं, कार्ड चालतं, आठ दिवस वाया घालवले त्याबद्दल माफी. लिहिताना त्याचे कान तापले होते. मुख्याने त्याला चांगलंच झापलं, सगळ्यांसमोर. सातआवृत्तेने मात्र, कार्ड चालतंय हे ऐकून बरं वाटलं, एवढंच लिहिलं. तो चांगला माणूस निघाला याचाही चष्मेवाल्याला राग आला. कोड काढून टाकला जायचा वाचला. कर्नलच्या इतिहासात त्या पॅचखाली कायमची नोंद झाली: लेखक म्हणून सातआवृत्ते, तपासणी बायकोची, चाचणी चष्मेवाल्याची. तिच्या नावाच्या वर तो आणि खाली हा. हे वर-खालीसुद्धा चष्मेवाल्याला दोन दिवस टोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी तो तिच्याकडे गेला आणि म्हणाला, मला शिकव. तिने शिकवलं. हिवाळाभर दुपारी ती खाली यायची आणि दोघं भिंगोबासमोर बसायची. शेवटी त्याने त्याच कार्डासाठी दोन ओळींचा एक पॅच लिहिला आणि यादीवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधीच तिचं उत्तर आलेलं होतं. एकही चूक तिने सोडली नव्हती, आणि शेवटी लिहिलं होतं, घाई नाही. त्याने शटर अर्धं वर करून, उभ्यानेच ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग ओळी मोजल्या. एकोणीस भरल्या. सातआवृत्तेपेक्षा अजून पंधरा कमी होत्या.