भजनांच्या मागची जागा

रविवार कारंजा चौकाजवळच्या रेकॉर्डच्या दुकानात एका निवृत्त गृहस्थांची आणि माझी नेहमी गाठ पडते. त्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या घरघरीत गेली. त्यामुळे कमी ऐकू येतं आणि ते सगळ्यांशी ओरडूनच बोलतात. जाझची एखादी जुनी रेकॉर्ड नव्याने छापून आली की तिच्या प्लॅस्टिकवरून हात फिरवत म्हणतात, "साहेब, ट्रम्पेट कसं, छातीत वाजलं पाहिजे!"

एका फेरीत एकच रेकॉर्ड आणायची, अशी त्यांना घरून ताकीद आहे. दुसरी आवडली की ती ते भजनांच्या खणात मागे सरकवून ठेवतात. तिकडे जाझवाला कशाला फिरकतोय, असा त्यांचा हिशेब.

मी बरेच दिवस एका सॅक्सोफोनच्या रेकॉर्डच्या मागावर होतो. नव्या छपाईची एकच प्रत आली आणि नेमका मी तापाने पडलो. बरा होऊन गेलो, तर जाझच्या खणात ती नव्हती. माझा पडलेला चेहरा पाहून ते जवळ आले, इकडेतिकडे बघितलं आणि कानाशी लागून कुजबुजले. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले.

"तुमची लपवून ठेवलीय. भजनांच्या मागं!"

अख्खं दुकान वळून बघायला लागलं. मालकाने मान खाली घालून काउंटर पुसायला घेतलं. जाझच्याच नादाचा एक जण भजनांच्या खणाला टेकून उभा होता. तो घसा खाकरून बाजूला झाला आणि मला वाट करून दिली.

"कुणाला कळलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही!" मी ओरडून सांगितलं.