खाटेखालची रेल्वे

काकासाहेब वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून उस्मानपुऱ्यातल्या घरी आले, तेव्हा गॅलरीत गोधड्या वाळत होत्या. उद्या घट बसणार म्हणून सुलेखाने, त्यांच्या बायकोने, सगळं घर धुवून काढलं होतं.

मागच्या खोलीत त्यांची खेळण्यातली रेल्वे होती. प्लायवूडच्या फळीवर बोटभर रुंदीचे रूळ आणि तीन स्टेशनं: उस्मानपुरा, बिडकीन, खुलताबाद. खुलताबादच्या चढावर खरी आगगाडी कधी गेली नाही. इथं ती जात होती. पण आता त्यांची आई, लक्ष्मीबाई, बिडकीनहून कायमची राहायला येणार होती. खोली तिला द्यायची होती. सासूला आत्याबाई म्हणणाऱ्या सुलेखाने स्पष्टच सांगितलं होतं, "आत्याबाईंच्या खाटेखाली मावलं तर राहू द्या. नाही तर कुणाच्या लेकराला देऊन टाका."

म्हणून उन्हाळाभर, मिळेल त्या सुट्टीला, ते खपले होते. फळी मधोमध कापून बिजागऱ्या लावल्या. डबे-इंजिनं साड्यांच्या खोक्यांत, चिंध्यांच्या मऊ कप्प्यांत ठेवली. रुळांना वीज देणाऱ्या वायरी फळीखालून एका जुडग्यात बांधल्या. मिटताना वायरी सोडवायच्या, उघडताना पुन्हा जोडायच्या. घराच्या फिटिंगमधून उरलेली लाल वायरच वापरल्याने सगळ्या एकसारख्या दिसत. ओळख पटावी म्हणून प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून वर अक्षर लिहिलं होतं: उ, बि, खु.

आता ती टोकं उघडी आणि चकचकीत होती.

"पट्ट्या कुठं गेल्या?"

"काढल्या की. सगळी धूळ त्यांनाच चिकटली होती. दुकानदाराच्या असतील म्हणलं. वायरीबी साबणाच्या पाण्यानं पुसल्या."

काकासाहेब दारातच खाली बसले. चिडायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं.

"त्याच्यावरून कळायचं, कुठली वायर कुठं जाते ते."

सुलेखाच्या हातातलं फडकं थांबलं. "मग आधी सांगायचं नं, अहो."

दुपारी आई येणार होती. त्यांनी एका सेलला दोन वायरी टेकवायच्या आणि तिने रुळावरच्या इंजिनाकडे बघायचं, असं सुरू झालं.

"हाललं!"

"कुठं?"

"तुमच्या खुलताबादला. पण उलटं चाललंय."

"उलटं तर उलटं. खुलताबाद लिही."

मध्येच त्यांची मान खाली जाई. ती हाक मारी, ते दचकून पुढची जोडी धरत. प्रत्येक सापडलेल्या जोडीला नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधता बांधता जुडगं फुगत गेलं. शेवटी फळी मिटून पाहिली तर ती नीट मिटेना, आणि खाटेखाली ढकलली तर कडेला अडकून बसली. काकासाहेब तिथेच टेकले. इतक्या महिन्यांचं काम दोन बोटांनी चुकलं होतं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. लक्ष्मीबाई घटाची काळी माती पिशवीत घेऊन आत आल्या. "हे काय मांडलंय?"

"आगगाडी आहे, आई. तुझ्या खाटेखाली ठेवणार होतो. मावत नाय. आजच देऊन टाकतो कुणाला तरी. तू टेक खाटेवर."

"मी? घट बसल्यावर मी कधी खाटेवर निजले का? दसऱ्यापस्तोर भुईवरच पडायचं असतंय. विसरलास व्हय?" त्यांनी मातीची पिशवी कोपऱ्यात ठेवली. "ठेव ते वर. आजपासनंच खाट रिकामी हाय."

काकासाहेब खरंच विसरले होते. पाळ्यांच्या चक्रात सण त्यांना बाजारातल्या गर्दीवरूनच कळत.

फळी दोघांनी उचलून खाटेवर ठेवली.

"दसऱ्याला मात्र खाट मोकळी पायजे," सुलेखा म्हणाली.

"जुडगं सोडवून वायरी पसरून बांधीन. मावेल तेवढ्यात."

"आणि नाय मावली तर?"

तोवर भिंतीला डोकं टेकवून काकासाहेब झोपले होते. सुलेखाने त्यांच्या बोटांतली वायर हळूच काढून घेतली.